नाव, आकृती आणि आवाज : सामान्य माणसांच्या मागे उरणाऱ्या खुणांचा विचार

प्रास्ताविक

माणूस गेल्यावर त्याच्यामागे दोन गोष्टी उरतात : एक खूण आणि दुसरी आठवण. नित्याच्या बोलण्यात हे दोन शब्द एकमेकांच्या जागी सहज वापरले जातात. परंतु त्यांचे स्वरूप भिन्न आहे. खूण वस्तूत असते. ती दगडात असते, कागदावर असते, घराच्या झिजलेल्या उंबरठ्यात असते. आठवण मात्र माणसांत असते आणि एकाने दुसऱ्याला सांगितल्याखेरीज ती पुढे जात नाही. खूण माणसांवाचून शतकानुशतके टिकू शकते. आठवण तशी टिकत नाही. उलटपक्षी, आठवणीपासून तुटलेली खूण समोर असूनही मुकी राहते.

राजे, सेनापती, संत आणि ग्रंथकार यांच्या बाबतीत हा भेद फारसा जाणवत नाही. त्यांचे ताम्रपट, चरित्रे, बखरी आणि उत्सव खूण व आठवण यांना एकत्र बांधून ठेवतात. सामान्य माणसाच्या बाबतीत मात्र या दोहोंची ताटातूट लवकर होते. तरीही महाराष्ट्राच्या भूमीवर सामान्य माणसांच्या खुणा मोठ्या संख्येने विखुरलेल्या आहेत. प्रस्तुत लेखात त्यांपैकी तीन प्रकारांचा विचार केला आहे : लेण्यांतील दानलेख, गावोगावचे वीरगळ आणि जात्यावरील ओव्या. पहिल्यात माणसाचे नाव उरले, दुसऱ्यात त्याची आकृती उरली आणि तिसऱ्यात त्याचा आवाज उरला. प्रत्येकात काही उरले आणि बाकीचे हरवले. खूण कशामुळे टिकते, ती मुकी कशी होते आणि तिला पुन्हा बोलते कोण करते, हे या तीन उदाहरणांच्या आधारे स्पष्ट करणे हा या लेखाचा हेतू आहे.

१. आठवणीचे आयुष्य

आठवण ही केवळ व्यक्तीच्या मनातील घटना नसून समूहाच्या आधाराने टिकणारी गोष्ट आहे, हा विचार फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मॉरिस हाल्बवाक्स यांनी १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मांडला. कुटुंब, धर्मसमुदाय, वर्ग अशा चौकटींत माणूस आठवतो; चौकट मोडली की तिच्यातील आठवणीही विरू लागतात. पुढे जर्मन अभ्यासक यान आसमान यांनी समूहाच्या स्मृतीचे दोन प्रकार केले. बोलण्याचालण्यातून, म्हणजे आजोबांकडून नातवाकडे जाणारी स्मृती ही तीन-चार पिढ्या, सुमारे ८० ते १०० वर्षे टिकते. त्यापलीकडे जे टिकते ते विधी, ग्रंथ, वास्तू, स्मारके अशा मुद्दाम उभारलेल्या साधनांच्या आधाराने टिकते.

मराठी वाचकाला हा सिद्धान्त परका वाटण्याचे कारण नाही. श्राद्धविधीत पिता, पितामह आणि प्रपितामह अशा तीन पिढ्यांचाच नावाने उच्चार होतो. त्यापलीकडचे पूर्वज नाहीसे झाले असे परंपरा मानत नाही. परंतु त्यांची स्वतंत्र नावे घेतली जात नाहीत, ते पितरांच्या समुदायात मिसळतात. बोलक्या स्मृतीची मर्यादा आधुनिक समाजशास्त्राने ज्या ठिकाणी आखली, साधारण त्याच ठिकाणी विधीनेही ती आखलेली दिसते. सामान्य माणसाच्या नावाला सुमारे तीन पिढ्यांचे आयुष्य असते. त्याहून अधिक काळ उरावयाचे असेल, तर नाव माणसांच्या तोंडातून काढून दुसऱ्या कशावर तरी सोपवावे लागते.

२. नाव : लेण्यांतील दानलेख

इसवी सनाच्या आगेमागे सह्याद्रीच्या घाटमार्गांलगत बौद्ध लेणी कोरली गेली, तेव्हा अनेक सामान्य माणसांनी आपली नावे अशा रीतीने दगडावर सोपवली. लेणी म्हटली की राजाश्रयाची कल्पना प्रथम मनात येते. नाशिक येथील गौतमी बलश्रीचा लेख किंवा नहपानाचा जावई उषवदात याचे लेख पाहता ती अंशतः खरीही आहे. परंतु कार्ले, जुन्नर, कान्हेरी, कुडा या ठिकाणचे लेख एकत्र वाचले असता निराळे चित्र समोर येते. एखाद्याने एक खांब दिला, दुसऱ्याने पाण्याचे टाके दिले, तिसऱ्याने एक खोली कोरवून घेतली. जुन्नर येथे धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि टाके दिल्याचा लेख आहे. रायगड जिल्ह्यातील कुडा येथील दात्यांत मालाकार म्हणजे माळी आहे, वैद्य आहे आणि कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारीही आहे.

कार्ल्याचे चैत्यगृह या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमारास पूर्ण झालेल्या या भव्य वास्तूचे श्रेय लेखात वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीला दिले आहे आणि हे शैलगृह जंबुद्वीपात उत्तम असल्याचा अभिमानही तेथे नोंदवला आहे. परंतु त्याच वास्तूत धेनुकाकट येथील सामी नावाच्या सुताराचा लेख आहे. द्वारमुख आपण केले, असे तो सांगतो आणि वेणुवासाचा पुत्र अशी स्वतःची ओळख देतो. धेनुकाकटचाच सिंहदत्त नावाचा गंधिक, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी, दाराच्या दानाची नोंद करतो. काही खांबांवर त्याच गावच्या यवनांची नावे आहेत. आज परिस्थिती अशी आहे, की हे धेनुकाकट नेमके कोठे होते याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. गाव हरवले; त्या गावच्या सुताराचे आणि त्याच्या बापाचे नाव मात्र उरले.

हे दाते केवळ दगडावर विसंबून राहिले नव्हते, हेही लक्षात घेणे आवश्यक आहे. नाशिकच्या लेण्यातील उषवदाताचा एक लेख याची संपूर्ण यंत्रणाच समोर ठेवतो. त्याने तीन हजार कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायमची ठेव म्हणून ठेवले : दोन हजार एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक दराने आणि एक हजार दुसरीकडे दरमहा शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत घ्यावयाचे नव्हते, केवळ व्याज वापरावयाचे होते. दोन हजारांवर वर्षाला दोनशे चाळीस कार्षापण व्याज होते आणि लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रांसाठी द्यावेत, असे लेख सांगतो. वीस गुणिले बारा म्हणजे दोनशे चाळीसच. हा व्यवहार निगमसभेत वाचून दाखवला गेला व फलकावर नोंदवला गेला, असेही त्यात म्हटले आहे. अशा ठेवीला ‘अक्षयनीवी’ ही संज्ञा आहे.

येथे स्मृती टिकवण्याचे तीन उपाय एकत्र आलेले दिसतात : सभेत वाचून दाखवणे, फलकावर नोंदवणे आणि दगडात कोरणे. त्याशिवाय चौथा आणि कदाचित सर्वांत महत्त्वाचा उपाय म्हणजे दरवर्षी पुनःपुन्हा घडणारे कृत्य. जोवर वस्त्रे वाटली जात होती तोवर दात्याची आठवण जिवंत होती. पुढे श्रेणी विस्कटल्या, भिक्षूंची वस्ती उठली, फलक नाहीसा झाला. चारपैकी दगड तेवढा उरला आणि त्यावरील ब्राह्मी लिपीही कालांतराने कोणाला वाचता येईनाशी झाली.

यानंतर जे झाले ते खूण आणि आठवण यांतील अंतर दाखवणारे आहे. लेणी तर समोर होती. मग ती कोणी केली? गावोगावच्या लोकपरंपरेने उत्तर दिले : पांडवांनी. नाशिकची लेणी ‘पांडवलेणी’ म्हणून आजही ओळखली जातात. श्रेष्ठी, सुतार, माळी आणि धान्यव्यापारी यांची नावे भिंतीवर स्पष्ट कोरलेली असताना त्यांच्या कामाचे श्रेय महाकाव्यातील वीरांकडे गेले. आठवणीला रिकामी जागा सहन होत नाही. खरे नाव वाचता आले नाही, तर तेथे मोठे नाव येऊन बसते.

३. दानाच्या अक्षरांनी उघडलेली लिपी

ही नावे पुन्हा वाचता आली ती १८३७ साली जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मी लिपीचा उलगडा केल्यामुळे. या शोधाचा इतिहास परिचित आहे. परंतु त्यातील एक तपशील प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. अशोकाच्या स्तंभांवरील लेख मोठे होते, त्यांच्या प्रती उपलब्ध होत्या, तरी ते वाचता येत नव्हते. काही अक्षरे इंडो-ग्रीक नाण्यांच्या साह्याने ओळखली गेली होती. परंतु निर्णायक किल्ली हाती आली ती मध्य भारतातील सांची येथील स्तूपाच्या कठड्यावरील छोट्या छोट्या लेखांमुळे.

कॅप्टन एडवर्ड स्मिथ यांनी पाठवलेल्या या लेखांच्या प्रती पाहताना प्रिन्सेप यांच्या ध्यानात आले, की बहुतेक लेख स्वतंत्र आहेत आणि त्यांच्या शेवटी तीच दोन अक्षरे पुनःपुन्हा येतात. देवस्थानात निरनिराळ्या लोकांनी वस्तू अर्पण केल्या तर प्रत्येक लेखाच्या शेवटी कोणता शब्द येईल? ‘दानं’. त्यापूर्वी येणारे अक्षर हे ‘अमक्याचे’ या अर्थाचा षष्ठीचा प्रत्यय ‘स’ असले पाहिजे. हे अनुमान खरे ठरले. त्या अक्षरांच्या आधाराने उरलेली वर्णमाला उलगडत गेली आणि अशोकाचे लेख वाचता आले.

या घटनेचा अर्थ असा, की सम्राटाचा दीर्घ लेख स्वतःहून उलगडला नाही. तो उलगडण्यासाठी एकेक दगड अर्पण करणाऱ्या स्त्रीपुरुषांचे छोटे लेख उपयोगी पडले. ते संख्येने पुष्कळ होते, एकसारखे होते आणि साधे होते, म्हणूनच ते किल्ली ठरले. सामान्यांच्या खुणांचे मूल्य पुष्कळदा असे एकत्रित असते. सुटा लेख क्षुल्लक वाटतो; परंतु अनेक लेख एकत्र ठेवले की त्यांतून नियम दिसू लागतो. पुढे भाऊ दाजी लाड, भगवानलाल इंद्रजी यांच्यापासून वा. वि. मिराशी, शोभना गोखले यांच्यापर्यंत अभ्यासकांनी पश्चिम भारतातील लेखांचे वाचन केले. कान्हेरी येथील दिवंगत भिक्षूंच्या विटांच्या स्तूपांशी संबंधित लेख डॉ. गोखले यांनी प्रकाशात आणले, तेव्हा अनेक शतके कोणीही न उच्चारलेली स्थविरांची नावे पुन्हा वाचली गेली.

४. आकृती : वीरगळ

जुन्नरजवळच्या नाणेघाटातील लेण्यात सातवाहन राजकुटुंबातील व्यक्तींच्या मूर्ती कोरलेल्या होत्या आणि प्रत्येकीच्या वर तिचे नाव होते. मूर्ती आज नष्ट झाल्या आहेत. काहींच्या पायांचे अवशेष तेवढे दिसतात. नावे मात्र शाबूत आहेत. याच्या नेमकी उलट स्थिती पाहावयाची असेल तर महाराष्ट्रातील कोणत्याही जुन्या गावच्या मंदिराच्या आवारात जावे. तेथे भिंतीला टेकवून ठेवलेले वा पारावर मांडलेले वीरगळ दिसतात. त्यांत माणसाची आकृती आहे, नाव नाही.

वीरगळ म्हणजे लढताना मृत्यू आलेल्या वीराचे स्मारक. शब्दातील उत्तरपद कन्नडमधील ‘कल्लु’ म्हणजे दगड या शब्दाशी निगडित आहे. वीरगळाची रचना बहुधा ठरलेली असते आणि तो खालून वर वाचावयाचा असतो. सर्वांत खालच्या चौकटीत वीर धारातीर्थी पडलेला किंवा लढताना दिसतो. शेजारी गायी कोरलेल्या असतील, तर गोधनाच्या रक्षणासाठी त्याने प्राण दिला असे समजतात. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला स्वर्गात घेऊन जातात. वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करताना दिसतो आणि शिरोभागी कलश किंवा चंद्रसूर्य असतात. चंद्रसूर्य असेपर्यंत ही कीर्ती टिको, असा त्यांचा अर्थ. मुंबईत बोरिवलीजवळच्या एकसर येथील वीरगळांवर नौकायुद्धाची दृश्ये असून, अनेक अभ्यासकांनी त्यांचा संबंध शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा यादव राजा महादेव यांच्यातील तेराव्या शतकातील संघर्षाशी जोडला आहे. सातारा जिल्ह्यातील किकलीसारख्या गावात तर वीरगळ मोठ्या संख्येने एकत्र पाहावयास मिळतात.

कर्नाटकातील अनेक वीरगळांवर लेख आहेत. त्यामुळे वीराचे नाव, प्रसंग आणि राजाचा काळ समजतो. बेगूर येथील नवव्या शतकाच्या अखेरच्या सुमाराच्या वीरगळावरील लेखात आलेल्या लढाईच्या उल्लेखामुळे ‘बेंगळुरू’ या स्थळनामाची प्राचीनता सिद्ध झाली. महाराष्ट्रातील बहुसंख्य वीरगळ मात्र लेखरहित आहेत. याचे एक कारण अनुमानाने सांगता येते. दगड ज्या गावासाठी उभारला गेला, त्या गावाला नाव ठाऊकच होते. जे सर्वांना माहीत आहे ते कोरण्याची आवश्यकता वाटत नाही. बोलक्या स्मृतीवर गावाचा इतका विश्वास होता, की नाव तिच्यावर सोपवून आकृती तेवढी दगडावर सोपवली गेली. आणि बोलकी स्मृती आपल्या नेहमीच्या मर्यादेला थांबली.

तथापि वीरगळ सर्वस्वी मुके झाले नाहीत. नाव हरवल्यावर गावाने त्यांना नवे अर्थ दिले. काहींना शेंदूर लागला आणि ते ग्रामदैवत झाले. काही एखाद्या घराण्याचे मूळपुरुष मानले गेले. धनगर व गुराखी समाजांचे दैवतविश्व आणि वीरांची स्मारके यांतील नात्याकडे गुंथर सोन्थायमर यांनी लक्ष वेधले. १९८२ साली एस. सेत्तर आणि सोन्थायमर यांनी संपादित केलेला स्मारकशिळांवरील ग्रंथ या विषयाचा पाया मानला जातो. वीराचा देव होणे ही एका अर्थाने विस्मृतीची आणि त्याच वेळी आदराची प्रक्रिया आहे. माणूस विसरला जातो; त्याच्यापुढे नारळ फोडण्याची रीत उरते.

वीरगळांलगत सतीशिळाही आढळतात. त्यांवर कोपरात दुमडलेला, बांगड्यांनी भरलेला हात कोरलेला असतो. येथे तर आकृतीही संपूर्ण नाही. एका स्त्रीच्या संपूर्ण आयुष्याऐवजी एक हात उरला आहे. अशा शिळेचा अभ्यास करताना विशेष सावधपण हवे. ती स्मारक आहे, तशीच एका क्रूर प्रथेचा पुरावाही आहे. सतीच्या उदात्तीकरणास १९८७ च्या अधिनियमाने बंदी घातली आहे. उदात्तीकरण न करता नोंद करणे आणि लाज वाटते म्हणून पुरावा नाहीसा न होऊ देणे, ही दोन्ही कर्तव्ये अभ्यासकाला एकाच वेळी पाळावी लागतात.

५. आवाज : जात्यावरील ओवी

दगडावर खूण ठेवण्यासाठी द्रव्य लागते किंवा रणांगणावरचा मृत्यू लागतो. ज्यांच्याजवळ यांपैकी काहीच नव्हते, त्या स्त्रियांनी आपली आठवण कोठे ठेवली? पहाटे जात्यावर बसून त्यांनी ती ओवीत ठेवली. माहेरची ओढ, भावाची वाट, सासुरवासाचे दुःख, लेकीची पाठवणी, पंढरीची वारी, सीतेचा वनवास, आणि अलीकडच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविषयीची कृतज्ञता असे विषय या ओव्यांत येतात. ओवीला लिपी नाही, दगड नाही, राजाश्रय नाही. तिचा आधार एकच, रोजचे दळण. हात फिरत राहिला तोवर ओवी टिकली.

अर्थात हा आधार तुटला तेव्हा ओवीही थांबली. गावोगावी पिठाच्या गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली. स्त्रियांच्या कष्टाचा भार हलका झाला, ही गोष्ट स्वागतार्हच होय. परंतु ज्या कामाला ओवी बांधलेली होती ते काम सुटताच नव्या पिढीकडे ती आपोआप जाण्याचा मार्ग बंद झाला. हाल्बवाक्स यांनी सांगितलेली चौकट मोडणे ती हीच.

या टप्प्यावर संकलनाचे कार्य महत्त्वाचे ठरले. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये ओव्यांचे संकलन केले होते. पुढे हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी पुण्यातील आपल्या संस्थेच्या वतीने १९८० च्या दशकापासून ग्रामीण कार्यकर्त्यांच्या साह्याने ओव्या मोठ्या प्रमाणावर जमवण्यास प्रारंभ केला. हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. बर्नार्ड बेल यांच्या सहकार्याने शंभराहून अधिक तासांचे ध्वनिमुद्रण आणि संगणकीय सूची तयार झाली. आज हा संग्रह ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’च्या माध्यमातून वाचकांपर्यंत पोहोचत आहे.

या संग्रहाचे वेगळेपण त्याच्या आकारात नाही, तर नोंदीच्या पद्धतीत आहे. ओवीसोबत गायिकेचे नाव आणि गाव नोंदवले आहे. लोकसाहित्य हे ‘अनामिक’ असते, असे अभ्यासक्रमात शिकवले जाते. परंपरेच्या दृष्टीने ते योग्यही आहे, कारण ओवीवर कोणा एकीची मालकी नसते. परंतु ओवी गाणारी स्त्री अनामिक नव्हती. तिचे नाव कोणी विचारले नव्हते, एवढेच. ते विचारले गेले तेव्हा आवाज आणि नाव एकत्र आले. या गायिकांपैकी अनेकजणी आज हयात नाहीत; पण त्यांच्या घरची पुढची पिढी तो आवाज ऐकू शकते.

६. ज्यांच्या खुणा उरल्या नाहीत

या तिन्ही प्रकारांची मर्यादाही नोंदवणे अगत्याचे आहे. लेण्यांत दात्यांची नावे आहेत. परंतु वर्षानुवर्षे कातळ फोडणाऱ्या पाथरवटांची नावे जवळजवळ नाहीत. कार्ल्याचा सामी सुतार हा अपवाद म्हणूनच उठून दिसतो. त्यांची खूण म्हणजे भिंतीवरचे छिन्नीचे घाव. वीरगळांवर लढून मेलेले पुरुष आहेत; परंतु त्याच वर्षी दुष्काळात वा साथीत दगावलेली माणसे नाहीत. संग्रहातही जिच्यापर्यंत कोणी पोहोचले तिचीच ओवी आली. शेजारच्या गावची आली नाही. तात्पर्य, उरलेल्या खुणा म्हणजे संपूर्ण भूतकाळ नव्हे. खुणांचे वाटप समाजातील सत्ता, संपत्ती आणि प्रतिष्ठा यांच्या वाटपासारखेच विषम असते. म्हणून खुणा वाचताना जे दिसते त्याबरोबर काय दिसत नाही, हाही प्रश्न विचारावा लागतो.

७. नोंदीची जबाबदारी

वरील विवेचनातून एक गोष्ट स्पष्ट होते. खूण टिकवण्याचे काम दगड करू शकतो. आठवण टिकवण्याचे काम करू शकत नाही. त्यासाठी वाचणारे, विचारणारे आणि पुढे सांगणारे लोक लागतात. पूर्वी हे काम संघ, श्रेणी, गाव आणि घर यांनी केले. या चौकटी क्षीण झाल्या असताना ते काम कोणाचे, हा आजचा प्रश्न आहे. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली मोजकीच स्थळे येतात. बहुसंख्य वीरगळ उघड्यावर आहेत. मंदिराच्या जीर्णोद्धारात ते पायात जातात, रस्तारुंदीकरणात हलवले जातात, तैलरंगाने रंगवले जातात. यामागे द्वेष नसतो. तो दगड कशाचा आहे हे कोणाला ठाऊक नसते.

महाविद्यालये या बाबतीत अनुकूल स्थितीत आहेत. त्यांचे विद्यार्थी आसपासच्या गावांतूनच येतात. दगड कोठे आहे, आजी कोणत्या ओव्या म्हणते, गावाचे जुने नाव काय, हे त्यांना विचारून समजू शकते. नोंदीची पद्धतही अवघड नाही. शिळेचे छायाचित्र मोजपट्टीसह घ्यावे. उंची, रुंदी, दिशा व नेमके स्थान लिहावे. प्रत्येक चौकटीचे वर्णन खालून वर करावे. गावकरी तिला काय म्हणतात आणि तिच्याविषयी काय सांगतात, ते त्यांच्याच शब्दांत उतरवावे. नोंदीचा दिनांक द्यावा. शेंदूर खरवडू नये, आम्लाने धुऊ नये, शिळा जागची हलवू नये. अक्षरे दिसल्यास ठसा घेण्याचे काम जाणकारांवर सोपवावे. ओवी नोंदवताना गाणाऱ्या स्त्रीची अनुमती घ्यावी आणि तिचे नाव, तिची इच्छा असल्यास, अवश्य लिहावे. यात मराठी, इतिहास, समाजशास्त्र, भूगोल आणि भूशास्त्र या विभागांना एकत्र काम करता येण्यासारखे आहे. दगड कोणत्या जातीचा व कोठून आणलेला, हा प्रश्न भूशास्त्राचा आहे. आणि तो आणणे गावाला परवडले कसे, हा प्रश्न अर्थशास्त्राचा.

आजच्या माणसाच्या खुणांना हाच विचार लागू पडतो. भ्रमणध्वनीतील छायाचित्रे आणि ध्वनिफिती यांमुळे सामान्य माणसाच्या खुणा आज पूर्वी कधी नव्हत्या इतक्या विपुल झाल्या आहेत. परंतु संकेतशब्द हरवला, उपकरण बिघडले किंवा साठवणुकीची पद्धत बदलली, की त्या वाचता न येणाऱ्या लिपीप्रमाणे मुक्या होतात. छायाचित्रामागे पेन्सिलीने लिहिलेले नाव आणि वर्ष अजूनही वाचता येते. नाव न घातलेल्या हजारो छायाचित्रांची स्थिती मात्र उद्या लेखरहित वीरगळांसारखीच होणार आहे.

समारोप

नाव, आकृती आणि आवाज या तीनही खुणा अपूर्ण आहेत. कार्ल्याच्या सुताराचे नाव कळते, चेहरा कळत नाही. वीरगळावरचा पुरुष तलवार उगारून उभा आहे, त्याला हाक कोणत्या नावाने मारावी हे कळत नाही. ओवी ऐकू येते. परंतु ती पहिल्यांदा कोणाला सुचली हे कधीच कळणार नाही. तरीही या खुणा निरर्थक नाहीत, कारण आपण होतो आणि आपण काहीतरी केले, हे त्या सांगतात. त्या वाचल्या जाणे हे मात्र त्यांच्या हाती नाही.

सांचीच्या कठड्यासाठी दगड देणाऱ्याला आपल्या दानाच्या अक्षरांनी दोन हजार वर्षांनंतर एका हरवलेल्या लिपीचे दार उघडेल, अशी कल्पना असण्याचे कारण नव्हते. त्याने आपले नाव लिहिले आणि दिलेल्या वस्तूची नोंद केली. एवढी साधी नोंदही पुरेशी ठरली. आपल्या परिसरातील एखादी शिळा किंवा एखाद्या वृद्धेची ओवी उद्या कोणत्या प्रश्नाची किल्ली ठरेल, हे आज सांगता येणार नाही. त्या वृद्धेचे नाव विचारण्यासाठी मात्र आजचाच दिवस हाताशी आहे.